जिताड्याची सुट्टी

चेन्नईत मी मासे मोजायची नोकरी केली. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नक्की काय?" माझे सासरे तर शेवटपर्यंत पाहुण्यांना "जावई तिकडे सरकारी खात्यात आहेत" एवढंच सांगत. खातं कुठलं ते विचारलं की त्यांना खोकला येई.

नोकरी सरकारी नव्हतीच. शहराच्या दक्षिणेला, मामल्लपुरमच्या वाटेवर एक खाडी आहे. हौसेखातर गळ टाकणाऱ्यांच्या एका मंडळाने तिचा एक तुकडा त्या काळी भाड्याने घेतला होता. मंडळाचं ऑफिस नुंगंबाक्कममध्ये, तेही थंडगार एसीचं. मासे मात्र तिथून तासाभराच्या अंतरावर. मी मूळचा अलिबागकडचा, मत्स्यशास्त्र शिकलेला. एका कोळंबी-केंद्रातली नोकरी सुटली आणि मंडळाने मला उचललं. काम सोपं होतं: कोणी काय पकडलं, केवढं पकडलं, कुठे पकडलं ते वहीत लिहून घ्यायचं, आणि त्यावरून किती मासे पकडू द्यायचे ते ठरवायचं.

सोपं म्हणालो खरा, पण ती वही भरणारे सगळे गळवाले होते. गळवाला हा प्राणी पोटासाठी मासे पकडत नाही, बोलण्यासाठी पकडतो. निवृत्त न्यायाधीश, हाडांचे डॉक्टर, कापडाचे व्यापारी अशी एरवी शब्दाला पक्की असलेली माणसं. पण वही पुढे केली की मासा वीतभर वाढलाच म्हणून समजा. पहिल्या वर्षी मी त्या वहीवर विश्वास ठेवून हिशेब केला, तेव्हा आमच्या एवढ्याशा खाडीत निम्म्या बंगालच्या उपसागराचे मासे निघाले.

यांत सगळ्यांत पुढे आमचे चिटणीस गोपाळराव. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, मैलापूरला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, पक्के शाकाहारी. पकडलेला मासा ते बोटाच्या टोकानेसुद्धा धरत नसत, नावाड्याला सांगत. घरी बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. मार्गळीच्या महिन्यात, डिसेंबर-जानेवारीत, मैलापुरात गाण्याच्या सभा भरतात, त्या दिवसांत हे पहाटे खांद्यावर अंगवस्त्र टाकून "कचेरीला जातों", म्हणजे मैफलीला, असं सांगून निघत आणि ऑफिसावरून खाडीवर येत. गळाची काठी आमच्या ऑफिसात तंबोऱ्याच्या खोळीत ठेवलेली असे.

"गोपाळराव, हा मासा वहीत लिहिलाय तेवढा नसावा," मी एकदा म्हणालो.

"असके जण फुगवून सांगतात की हो," ते त्यांच्या तंजावरी मराठीत, तमिळ हेलाने म्हणाले. "मी एकटाच खरं सांगटलों. विश्वास ठेवा सार, पोदुम, तेवढं पुरे!"

आता थोडं माशाबद्दल. ज्याच्यासाठी ही मंडळी पहाटे उठत तो जिताडा. तिकडे त्याला कोडुवा म्हणतात. आमच्या अलिबागकडे जावई आला की जिताडाच शिजतो, एवढा त्याचा मान. त्याची एक गंमत मी मंडळाच्या बैठकीत सांगितली होती. जिताडा जन्मतो नर म्हणून. वयात येतो, संसार करतो आणि पुरेसा मोठा झाला की मादी होतो. म्हणजे भिंतीवर फोटो लावावा असा जो भला थोरला मासा, तो जवळजवळ नेहमी आईच असतो. न्यायाधीशसाहेब बराच वेळ भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बघत बसले होते.

म्हणून मी एक पट्टी केली. लाकडी, तीन रंगांची: सुरुवातीचा एक हात तांबडा, मधला भाग हिरवा, दोन हातांच्या पुढे पुन्हा तांबडा. लहान मासा सोडायचा, फार मोठाही सोडायचा, मधलाच तेवढा ठेवायचा. प्रत्येक होडीत एक पट्टी. त्यानंतर वहीत चमत्कार घडला. इतकी वर्षं वाढणारे मासे एकदम आखडले. खाडीतला एकूण एक जिताडा पुढच्या तांबड्याच्या बोटभर अलीकडे येऊन थांबू लागला.

या सगळ्यात खरं बोलणारा माणूस एकच, एळुमलै. खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यातला. त्याच्याकडे वही नव्हती, पट्टी नव्हती. होडीत उभा राहून तो पाण्याकडे बघे आणि म्हणे, "आज नाही, सार." त्या दिवशी खरंच काही मिळत नसे. आमचं बोलणं तमिळमध्ये चाले, माझं मोडकं आणि त्याचं सावकाश, मला समजावं म्हणून.

मग दोन हजार चारच्या नाताळानंतरचा तो रविवार आला. सुनामीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी नव्याने काय लिहू. त्या सकाळी मी खाडीवर नव्हतो, एवढंच. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा खाडी ओळखू येईना. तोंडाशी असलेला वाळूचा दांडा वाहून गेला होता, आतले खोल डोह गाळाने भरले होते, कांदळवनात जाळी, कपडे आणि दारांच्या फळ्या अडकल्या होत्या. एळुमलैचं कट्टमरम, ओंडके बांधून केलेली त्याची होडी, सुरूच्या बनात पडलं होतं, त्याचे ओंडके सुटे झालेले. त्याच्या गल्लीत अजून रडणं चालू होतं. एळुमलैचा धाकटा भाऊ त्या सकाळी समुद्रात होता, तो परत आला नाही. मी त्याच्यापाशी नुसता बसून राहिलो.

पुढे मदतीतून त्याला फायबरची निळी होडी मिळाली. पण त्याच्या बायकोने, सेल्वीने, त्याच्याकडून वचन घेतलं होतं की खाडीचं तोंड ओलांडून समुद्रात जायचं नाही. त्याने ते मान्य केलं. म्हणजे जन्मभर समुद्रावर जगलेल्या या माणसाकडे आता पाणी म्हणून उरली ती आमच्या मंडळाची खाडी. गळवाल्यांना फिरवणं, एवढंच काम.

आणि त्या खाडीचं काय करायचं, ते ठरवायचं होतं मला.

मंडळींनी दोन महिने कळ काढली, मग विचारणा सुरू झाली, "पुन्हा सुरू कधी?" मी सांगितलं, मासे सावरायला हवेत. माणशी दोनच मासे, पट्टी कडक, आणि वर्षातून चार महिने पूर्ण बंदी, म्हणजे माशांना निवांत अंडी घालता येतील. कुठले चार महिने? हे मी क्षणभरही विचार न करता लिहिलं: जून ते सप्टेंबर. मासे पावसाळ्यात अंडी घालतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर, मग नारळ आणि मग समुद्र. मी तर सुनामीचा मान राखून वर महिनाभर जास्तच धरला होता.

बैठकीत ठराव मांडला आणि टाळ्या पडल्या. एकाही गळवाल्याने विरोध केला नाही. मला वाटलं, संकटाने माणसं शहाणी होतात. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती, कारण ज्या ठरावाला गळवाला टाळी देतो त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. चेन्नईत जून-जुलैत ऊन असं असतं की आमची ज्येष्ठ मंडळी कोडैकानलला तरी पळतात नाहीतर घरात पंख्याखाली पडून राहतात. त्या महिन्यांत पहाटे खाडीवर येत ती वेलचेरीची आयटीतली पोरं, दिवसापुरतं तिकीट काढून. एळुमलैचं चार महिन्यांचं काम त्यांच्यावर चाले. त्या पोरांना मत नव्हतं. एळुमलैलाही नव्हतं.

तो मात्र मला भेटायला आला. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात, इस्त्रीचा शर्ट घालून. एसीत अवघडून उभा राहिला.

"सार, आनी-आडीत, जून-जुलैत, खाडीचं तोंड वाळूने बुजलेलं असतं. कोडुवा आतच अडकून असतो. तो कुठे जाणार अंडी घालायला?"

"मग कधी जातो?"

"ऐप्पसीत, दिवाळीच्या महिन्यात, पाऊस लागतो. तोंड उघडतं. तेव्हा सगळे तोंडापाशी जमतात. बंद करायचं तर तेव्हा करा."

मी त्याला बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तक आमच्या किनाऱ्याचं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मनात म्हणालो, बिचारा, चार महिन्यांचं काम जाणार म्हणून बोलतोय. तोंडाने म्हणालो, "एळुमलै, तुझी अडचण कळते मला. पण शास्त्र आहे हे."

त्याने कॉफी संपवली, पेला नीट बशीत ठेवला. "सरि, सार," म्हणाला आणि गेला.

ज्या माणसांनी मला वर्षानुवर्षं थापा मारल्या त्यांच्या टाळ्या मी खऱ्या मानल्या. जो एकदाही खोटं बोलला नव्हता, त्याचं नुकसान होणार म्हणून त्याचं म्हणणं खोटं मानलं. हे मला आज लिहितानाही लागतं.

जून लागला. माझी पहिली बंदी सुरू झाली ती आकाशात एक ढग नसताना. घामाने निथळत मी खाडीवर पाहणीला जाई. तोंड वाळूने बंद, पाणी स्थिर, मासे आपले जागच्या जागी. मला वाटे, वा, किती शांतपणे अंडी घालताहेत. जुलैत एळुमलै दिसेनासा झाला. सेल्वीने सांगितलं, वेलचेरीला एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला. निळी होडी अंगणात पालथी घालून ठेवली होती, तिच्यावर मिरच्या वाळत होत्या.

ऑक्टोबरमध्ये बंदी उठली आणि पाठोपाठ पाऊस आला. कसला पाऊस! खाडी तुडुंब भरली, वाळूचा दांडा फुटला, तोंड उघडलं. आणि ज्येष्ठ गळवाले कोडैकानलची कांती घेऊन हजर झाले. मासेच मासे. रोज वही हिरव्या मापांनी भरू लागली. मी खूश. अलिबागला घरी पत्र लिहिलं की माझी बंदी फळाला आली.

दिवाळी तोंडावर होती. बायकोने चकल्यांचा डबा बांधून दिलेला, तो खाडीवरच्या शेडमध्ये उघडून मी बसलो होतो. तेवढ्यात गोपाळराव आले, चिंब भिजलेले, मागून नवा नावाडी मासा घेऊन.

"लिहा सार. हिरव्यात आहे."

मासा त्यांच्या कमरेएवढा होता. मी पट्टी लावली. तांबड्यात चांगला चार बोटं गेलेला.

"पट्टी भिजून आखडली की हो," गोपाळराव म्हणाले.

मासा मेलेला होता, सोडून उपयोग नव्हता. नियमाप्रमाणे असा मासा मंडळाकडे जमा व्हायचा आणि मी तो चिरून बघायचा. मी सुरी लावली. गोपाळरावांनी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं आणि माझी एक चकली घेतली.

पोटातून गाभोळी निघाली, अंड्यांची पिशवी. दोन्ही हातांत मावेना एवढी, पिवळीधमक, पुरी पिकलेली.

मी ती हातात धरून तसाच उभा राहिलो. आमच्या घरी गाभोळी ताटात आली की आई म्हणायची, आता पाऊस आला हो. गाभोळी म्हणजे आगोटीचे दिवस, छपराची डागडुजी, सुकी मासळी भरून ठेवणं. आणि इथे बाहेर धो धो पाऊस, समोर चकलीचा डबा आणि हातात गाभोळी. चेन्नईचा पाऊस दिवाळीला येतो, हे मला छत्री घेताना माहीत होतं. इतकी वर्षं मी रेनकोट ऑक्टोबरात काढत होतो. फक्त माशांना तेवढं मी अलिबागचं पंचांग लावलं होतं.

"काय झालं, सार?" गोपाळरावांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"गोपाळराव, तुम्ही सगळे मिळून गेले तीन आठवडे गरोदर बायका पकडताय. आणि परवानगी मी दिलीय."

त्यांच्या हातातली चकली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वेलचेरीला गेलो. वेलचेरीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं. शेअर ऑटोवाल्याने लांबच उतरवलं, पँट वर करून चालत गेलो. सोसायटीच्या फाटकाशी, गुडघाभर पाण्यात, खाकी गणवेश घातलेला एळुमलै शिट्टी वाजवत गाड्यांना वाट दाखवत होता. कुठे खड्डा आहे ते त्याला पाण्याकडे बघून कळत होतं. खाडी सोडून आला, तर पाणी त्याच्या मागोमाग आलं होतं.

मला बघून त्याने शिट्टी खाली केली. मग प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि पुढे धरली.

"नाव, वेळ, कोणाकडे, काय काम. सगळं लिहायचं, सार. नियम आहे."

मी नाव लिहिलं. कोणाकडे: एळुमलै. काम या रकान्यात लिहिलं: चूक सांगायला. तमिळमध्येच लिहिलं, लहान मुलाच्या अक्षरात. त्याने ते वाचलं, माझ्या हातातलं घड्याळ बघितलं.

"वेळ पाच मिनिटं पुढची लिहिलीत. नीट करा."

मी खोडून नीट केली. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं: गाभोळी, पुस्तक, जून. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. परत ये."

एक गाडी आली, त्याने तिला डावीकडून काढली. मग म्हणाला, "मला इथे सांगून काय उपयोग, सार? हे मला माहीतच होतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा. मी मागे उभा राहून ऐकेन."

ती बैठक माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब बैठक. एळुमलै दाराशी उभा, त्याच इस्त्रीच्या शर्टात. मी उभा राहून सांगितलं की बंदीचे महिने मी चुकीचे धरले. या माणसाने वेळेवर बजावलं होतं, मी त्याला पुस्तक दाखवून परत पाठवला. बंदी आजपासून जानेवारीपर्यंत हवी, आणि पुढल्या वर्षापासून खाडीचं तोंड उघडेल त्या दिवसापासून. तोंड कधी उघडलं ते हा सांगेल. जून ते सप्टेंबर खाडी खुली.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. हाडांचे डॉक्टर म्हणाले की हंगामच मारताय. व्यापारी म्हणाले, मग जूनमध्ये उन्हात आम्ही यायचं? न्यायाधीशसाहेबांनी विचारलं की पुढल्या वर्षी पुन्हा चूक सापडली तर? सगळे प्रश्न रास्त होते. माझ्या नोकरीवरही बोलणं आलं. मतं घेतली तर अगदी बरोबरीत. निर्णायक मत चिटणिसांचं.

गोपाळरावांकडे बघून मला त्यांची दया आली. ऑक्टोबर ते जानेवारी बंदी म्हणजे अख्खी मार्गळी. पहाटे अंगवस्त्र टाकून निघायचं तर आता जायचं कुठे?

ते उठून उभे राहिले. मग दाराकडे बघत म्हणाले, "एळुमलै, ते परवाचं मासं मी पकडटलों. हिरव्यात आहे म्हणून सांगटलों. खोटं." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "माझं मत बंदीला."

त्या मार्गळीत गोपाळरावांनी आयुष्यात पहिल्यांदा गाण्याची कचेरी अथपासून इतिपर्यंत ऐकली. बायको शेजारी बसली होती. नवरा इतकी वर्षं सभांना जातो आणि याला ताल कुठे द्यायचा ते कसं कळत नाही, याचं तिला फार नवल वाटलं म्हणे.

एळुमलै परत आला. मिरच्या काढून होडी पाण्यात घातली. बंदीच्या महिन्यांत मंडळाने त्यालाच खाडीच्या तोंडावर राखणीला नेमलं. गणवेश त्याने सोसायटीला परत केला, शिट्टी मात्र ठेवून घेतली. निळ्या होडीत उभा राहून तो गळवाल्यांवर शिट्टी फुंके, आणि ती पहिल्यांदा फुंकली ती माझ्यावर. मी पाण्याचं माप घ्यायला न विचारता आत शिरलो होतो. त्याने होडी जवळ आणली आणि वही पुढे धरली. मी निमूट नाव, वेळ, काम लिहिलं.

तिसऱ्या वर्षी कांदळवनाच्या मुळांशी बोटभर लांबीचे जिताडे दिसू लागले, थव्याने. एळुमलैने मला होडीत बसवून दाखवले. भाऊ गेल्यानंतर तो हसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता मी निवृत्त होऊन पुण्यात आहे. इथे मोजायला मासे नाहीत. पण दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी सकाळी फोन वाजतो. पलीकडे पावसाचा आवाज असतो. एळुमलै हॅलो म्हणत नाही, नाव सांगत नाही, आधी शिट्टी वाजवतो. चांगली लांब, कानठळ्या बसतील अशी.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतो. स्वयंपाकघरातून, चकल्या तळता तळता, बायको विचारते, "उघडलं का?"

"उघडलं," मी म्हणतो.